शेवाळाचं पासबुक

नागपूरच्या मध्यमवर्गीय घराचं शेवाळाशी एकच नातं असतं, घासणीचं. होळी झाली की बाल्कनीतला कूलर उघडायचा, जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या, पंप पाणी चढवतो की नुसता गुरगुरतो ते बघायचं आणि टाकीच्या तळाशी गेल्या वर्षीचा जो हिरवा थर बसलेला असतो, तो खरवडत बसायचं. कंबर साथ देत नसेल तर कोपऱ्यावरच्या पोराला २०० रुपये देऊन हेच काम करून घ्यायचं. अशाच एका मार्चमध्ये, कूलर घासून झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या घरी कुरिअर आलं. आत शेवाळ होतं. किंमत ३५० रुपये, कुरिअरचे ९० वेगळे.

"परवा २०० रुपये देऊन शेवाळ काढलं, आज ४४० देऊन आणलं," काकू म्हणाल्या. "बँकेत असेच हिशेब करत होते का जी तुम्ही?"

काकांनी उत्तर दिलं नाही, कारण ते ओल्या टिश्यूपेपरच्या घड्या उलगडत होते. आतून एक हिरवा, मखमली, मोठ्या बोराएवढा गोळा निघाला. काकांनी तो तळहातावर घेतला. पहिलं नातवंड हातात घेतानाही त्यांचा चेहरा इतका जपून नव्हता.

काकांच्या प्राणिप्रेमाचा इतिहास जरा रक्तरंजित आहे. त्यांनी आधी गप्पी पाळले, मग एंजल, मग गोल्डफिश. पाळले म्हणजे पोसले, आणि पोसले म्हणजे दिवसातून पाच वेळा खाऊ घातलं. माशांचं पोट असतं केवढं! शेवटी टाकीत एकच गोल्डफिश उरला. तोही बहुधा काकांकडे पाठ करून राहिल्यामुळे वाचला. त्यामुळे मोबाइलवर जेव्हा 'मारिमो मॉस बॉल'ची जाहिरात दिसली, की याला खायला लागत नाही, हा आवाज करत नाही, फिरायला न्यावा लागत नाही आणि २०० वर्षं जगतो, तेव्हा काकांना वाटलं, हा आपल्यासाठीच जन्माला आलेला आहे.

"२०० वर्षं?" काकू म्हणाल्या. "म्हणजे तुमच्यानंतर माझ्या गळ्यात."

आता 'मॉस बॉल' या नावातला निम्मा भाग खोटा आहे. बॉल खरा, मॉस नाही. हा गोळा म्हणजे गोड्या पाण्यातलं हिरवं शैवाल, केसासारख्या बारीक फांद्याफांद्यांच्या तंतूंचं. इंग्रजीत ही चूक वर्षानुवर्षं चालली आहे आणि ती दुरुस्त करण्यात जगातल्या मत्स्यप्रेमींची बरीच शक्ती जाते. मराठीला ही चूक करताच येत नाही. भिंतीवरचं तेही शेवाळ, पाण्यातलं तेही शेवाळ, आणि कामवाल्या मावशी दोन्हींना एकाच घासणीने काढतात.

गोळ्याला बी नाही, गाभा नाही, दगड नाही. मधल्या ठिकाणाहून तंतू चहूबाजूंनी बाहेर वाढत जातात, बस.

"आत काय असतं?" काकूंनी विचारलं.

"आतही तेच असतं."

"आणि त्याच्या आत?"

"तेच."

"एवढं सरळ उत्तर तुम्ही कर्ज मागायला आलेल्याला कधी दिलं नसेल."

काकांनी मात्र आठवडाभरात गोळ्याची कुंडली मिळवली. युरोपीय शास्त्रज्ञांना हा प्रकार १८२०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या झेल सरोवरात सापडला. त्याला जे शास्त्रीय नाव पडलं, एगाग्रोपिला, त्याचा संबंध रानबकऱ्याच्या पोटात साठणाऱ्या केसांच्या गोळ्याशी आहे. आइसलंडमधल्या मीवाट्न सरोवरावरचे मच्छीमार त्याला 'कूलूस्कितूर' म्हणत. म्हणजे गोलगोल घाण, जाळ्यात अडकणारी. उत्तर जपानातल्या होक्काइडो बेटावरच्या अकान सरोवराकाठचे आयनू लोक त्याला तळ्यातला भूतखेताचा प्रकार समजत. अखेर १८९८ साली ताकिया कावाकामी नावाच्या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला 'मारिमो' हे नाव दिलं. मारी म्हणजे खेळायचा चेंडू, मो म्हणजे पाण्यातलं शेवाळ. बकऱ्याच्या पोटातला गोळा, जाळ्यातली घाण आणि तळ्यातलं भूत या तिन्ही नावांखाली ३५० रुपयांना काही विकलं गेलं नसतं. नावाचं महत्त्व कोणाला पटत नसेल तर त्याने हा व्यवहार बघावा.

जपान्यांनी पुढे या चेंडूला फार वर चढवलं. १९२१ साली अकानचे मारिमो राष्ट्रीय नैसर्गिक वारसा ठरले, १९५२ साली त्यांना 'विशेष' दर्जा मिळाला. त्यांचं टपाल तिकीट निघालं. तळ्यातून गोळा उचलून नेणं हा गुन्हा झाला. ज्यांनी आधीच नेले होते त्यांना ते परत आणून द्या अशी विनवणी झाली आणि १९५०पासून दर ऑक्टोबरात तिथे मारिमोचा उत्सव सुरू झाला. आयनू वडीलधारे नावेतून जाऊन गोळे सन्मानाने पाण्यात सोडतात. काकांनी हे वर्णन काकूंना वाचून दाखवलं.

"म्हणजे विसर्जन," काकू म्हणाल्या. "मग तुम्ही स्थापना कधी करणार आहात?"

स्थापना चैत्री पाडव्याला झाली. लोणच्याच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, टीव्हीच्या शेजारी.

तिथून पुढे खरा प्रश्न उभा राहिला. या गोळ्याला काहीच लागत नाही. थोडा उजेड, थंड पाणी, आठ-पंधरा दिवसांनी ते बदलायचं आणि गोळा अधूनमधून जरा फिरवायचा. तळ्यात लाटा त्याला तळावर लोळवत ठेवतात म्हणून तो गोल राहतो. लाटा नसलेल्या पाण्यात हेच शैवाल गालिच्यासारखं पसरतं किंवा दगडाला धरून वाढतं. बरणीत लाटा नाहीत, म्हणून हाताने फिरवायचं. बस, संपलं काम. आणि ज्या माणसाने ३६ वर्षं रोज संध्याकाळी कॅश जुळवली, त्याला आठवड्याला दीड मिनिटाचं काम पुरत नाही.

काकांनी पासबुक काढलं. कोरं, जुन्या नमुन्याचं, तारीख-तपशील-नावे-जमा-शिल्लक असे रकाने असलेलं. पहिली नोंद पडली: आरंभीची शिल्लक ३० मि.मी. मारिमो वर्षाला सुमारे ५ मिलिमीटर वाढतो असं सांगतात.

"३० वर ५," काका म्हणाले. "दरसाल १६.६६ टक्के. कुठली एफडी देते आज?"

"आणि दुसऱ्या वर्षी?"

काकांनी हिशेब केला. ३५ वर ५ म्हणजे १४.२८. तिसऱ्या वर्षी साडेबारा. दर घसरत चालला होता. ते रात्रभर अस्वस्थ होते. सकाळी त्यांना सुचलं, की व्यास धरला तर सरळव्याज दिसतं, पण आकारमान धरलं तर पहिल्याच वर्षी गोळा तब्बल ५८ टक्क्यांनी वाढतो. हे त्यांनी दात घासता घासता काकूंना सांगितलं. अकानमधले दादा लोक २५-३० सेंटिमीटर व्यासाचे असतात. ३० मिलिमीटरवरून तिथवर जायला याला ५४ वर्षं लागतील आणि तेव्हा काका ११७ वर्षांचे असतील, हेही सांगितलं.

"मेथी खा," काकू म्हणाल्या. "सांधे टिकले पाहिजेत."

मोजमापासाठी नातवाच्या प्रॅक्टिकलचं व्हर्नियर कॅलिपर आलं. आता शेवाळाचा गोळा हा काही लोखंडी छर्रा नाही. दाबला की दबतो. गुरुवारी ३१ भरला, शुक्रवारी २८, शनिवारी पुन्हा ३०. काकांनी तिन्ही नोंदी इमानदारीने केल्या आणि शुक्रवारपुढे लाल शाईने 'तफावत' लिहिलं.

"तुमच्या बीपीसारखं दिसून राहिलं आहे," काकू म्हणाल्या. "मोजलं की चढतं."

पंधराव्या दिवशी, सकाळी १० वाजता, काका किंचाळले. गोळा तरंगत होता.

मासे पाळलेल्या माणसाच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते: जो तरंगला तो गेला. काकांनी बरणीसमोर खुर्ची ओढली. काकूंनी गॅस बारीक केला. शेजारच्या वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या होत्या, त्याही बसल्या. कोणालाच नक्की काय बोलावं कळेना, कारण शेवाळाच्या निधनावर बोलायचं वाक्य मराठीत अजून तयार झालेलं नाही.

"किती दिवसांचा होता?" वहिनींनी विचारलं.

संध्याकाळी गोळा आपण होऊन तळाशी गेला. दुसऱ्या दिवशी १० वाजता पुन्हा वर. याचा उलगडा ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली केलेला आहे. उजेड पडला की शैवाल प्रकाशसंश्लेषण करतं, त्यातून सुटणारे प्राणवायूचे बुडबुडे तंतूंत अडकतात आणि गोळा वर येतो. ती प्रक्रिया थांबवणारं रसायन दिलं तर तो वर येतच नाही. शिवाय गोळ्याला स्वतःचं घड्याळ आहे. मंद लाल उजेडात काही दिवस ठेवून मग लख्ख उजेड दाखवला, तर त्याच्या हिशेबाने पहाट असताना तो लवकर तरंगतो आणि भर दुपार असताना रेंगाळतो.

"म्हणजे १० वाजता कामावर हजर, संध्याकाळी घरी," काका भारावून म्हणाले. "हा तर बँकेतलाच आहे."

मग पाण्याची पाळी आली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बाधू नये म्हणून पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवून वापरावं, असं काकांनी वाचलं होतं. न्हाणीघरात एक बादली आरक्षित झाली. तिच्यावर पाटी लागली: 'हात लावू नये'. मावशींना वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण त्यांच्या मते पाटी माणसांसाठी होती, कामवालीसाठी नव्हती.

"मले वाटलं पाणी भरूनच ठेवेल आहे," त्या म्हणाल्या. "फरशी पुसून घेतली, बाई. आज काय मस्त चमकून राहिली!"

आणि गोल्डफिश. गोल्डफिशलाही थंड पाणी मानवतं, मारिमोलाही, तेव्हा दोघांची सोबत होईल असा काकांचा विचार. तो विचार गोल्डफिशलाही लगेच पटला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काकांकडे पाठ केली नाही. दुपारची झोप काढून काका उठले तेव्हा गोळ्याला एका बाजूने चावे बसले होते आणि माशाच्या तोंडातून हिरवी दोरी लोंबत होती. पासबुकात नोंद झाली: 'नावे ३ मि.मी. (मासा). शिल्लक २७.' काकूंनी माशाची बाजू घेतली. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीचं काही खाल्लं होतं.

एप्रिल चढला तसा विषय गंभीर झाला. मारिमोला पाणी २५ अंशांच्या आत बरं. होक्काइडोत हिवाळ्यात अकान सरोवर वरून गोठतं आणि गोळे खाली बर्फाच्या छताखाली निवांत असतात. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. या दोन गावांमध्ये मध्यस्थी करायची जबाबदारी काकांवर आली. बरणीतल्या पाण्यात थर्मामीटर टाकला तर ३२. गोळ्याच्या एका अंगाला तपकिरी डाग पडला. काकांनी बर्फाचे खडे टाकले. पाणी २० वर आलं आणि तासाभरात परत ३१. पुन्हा बर्फ. पुन्हा ३१. दिवसभरात गोळ्याने चार ऋतू पाहिले.

शेवटी तो फ्रीजमध्ये गेला. तसा सल्ला तज्ज्ञही देतात. उन्हाळ्यात काही दिवस फ्रीजमध्ये ठेवला तर त्याला काही होत नाही, अंधारही तो सोसतो. काकांनी त्याचं वेळापत्रक केलं: दिवसा फ्रीज, रात्री बरणी. फ्रीजमध्ये स्टीलच्या वाटीत, पाण्यात, कोथिंबिरीच्या शेजारी.

याच आठवड्यात काकूंच्या बहीण यवतमाळहून आल्या. त्यांच्या हाताचा गोळाभात प्रसिद्ध. बेसनाच्या गोळ्यांवर तेल ओढताना त्या अशा काही हात उंच करतात, की बघणाऱ्याचं पोट निम्मं तिथेच भरतं. सकाळी त्यांनी फ्रीज उघडला.

"ताई, हा एकच गोळा केला? आणि पालक कशाला घातला बेसनात?"

काका बाथरूममधून टॉवेलवर बाहेर आले. तोवर वाटीतलं पाणी निथळून गोळा परातीत, बेसनाच्या सात गोळ्यांच्या रांगेत आठवा बसला होता. त्यांनी तो उचलला, नळाखाली धुतला, क्लोरीन आठवून पुन्हा बादलीत धुतला. पासबुकात त्या दिवशी 'तपशील' या रकान्यात फक्त 'बेसन' एवढंच लिहिलेलं आहे.

बहीणबाईंना प्रकरण समजावून सांगताना काकांनी आणखी एक माहिती दिली, जी त्यांनी द्यायला नको होती. अकानचे खरे गोळे उचलायला बंदी असल्यामुळे तिथल्या दुकानांत जे गोळे विकतात, ते दुसरीकडच्या पाण्यातले सुटे तंतू आणून हाताने वळलेले असतात.

"वळलेले?" बहीणबाई म्हणाल्या. "म्हणजे लाडू."

"लाडू नाही. तळहातावर घेऊन, दाबून, गोल गोल फिरवून—"

"लाडूच सांगून राहिले ना जी तुम्ही. ३५० ला एक? आम्ही डिंकाचे करतो, त्यात बदाम असतात."

काकांनी मग प्रेमाची गोष्ट काढली. ताटातूट झालेलं आयनू जोडपं तळ्यात बुडालं आणि त्यांच्या हृदयांचे मारिमो झाले, म्हणून हा गोळा प्रेमिकांना भेट देतात. कथा गोड आहे. फक्त ती पुरातन आयनू कथा नाही. १९२०च्या दशकात जपानी लेखणीतून उतरलेली आहे. पण ज्या देशात कुठल्याही टेकडीवर पांडवांनी एक रात्र काढलेली असते, त्या देशातल्या माणसाने यावर हसू नये.

त्या रात्री काकूंचा भाचा सिअ‍ॅटलहून फोनवर होता. गोळ्याची बातमी तोवर सातासमुद्रापार गेलेली होती.

"काका, तो गोळा आहे का अजून? बारीक शिंपले आहेत का त्याच्यात बघा."

तिकडे २०२१च्या मार्चमध्ये याच गोळ्यांवरून सरकारी पातळीवर धावपळ झाली होती. एका दुकानातल्या मॉस बॉलमध्ये झेब्रा शिंपले सापडले. नखाएवढा प्राणी, अंगावर पट्टे, पण एकदा तळ्यात शिरला की पाणीपुरवठ्याचे पाइप गच्च करून टाकतो. मूळचा काळ्या समुद्राच्या नि कॅस्पियनच्या बाजूचा. अमेरिकेतली मोठी सरोवरं १९८०च्या दशकापासून त्याच्या तावडीत आहेत. शोधता शोधता २० हून अधिक राज्यांतल्या दुकानांत असे गोळे निघाले. ते युक्रेनहून आलेल्या मालातले होते. मग लोकांना सांगण्यात आलं, की गोळा तळ्यात टाकू नका, संडासात सोडू नका, आधी मारा. मारण्याच्या रीतीही दिल्या: एक तर मिनिटभर उकळत्या पाण्यात ठेवा, नाहीतर २४ तास फ्रीझरमध्ये गोठवा, नाहीतर ब्लीच किंवा व्हिनेगरमध्ये बुडवा. मग पिशवीत बांधून कचऱ्यात.

"उकळायचा, गोठवायचा, व्हिनेगरमध्ये घालायचा," काकू ऐकून म्हणाल्या. "कैरीचं करतात तेच सगळं."

काका भिंग घेऊन बसले. त्यांनी गोळ्याचा तंतू न् तंतू तपासला. एक काळा ठिपका सापडला. तासभर घरात शांतता होती. ती मोहरी निघाली.

फिरायला जाणाऱ्या मंडळात या सगळ्याची चर्चा होतीच. अंबाझरीच्या बांधावर एका मित्राने सुचवलं, "एवढंच आहे तर सोडून द्या की या तळ्यात. वाढेल फुटबॉलएवढा." काकांनी त्याला तिथेच उभं करून दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. कुणाच्या तरी हौसेपायी आलेलं ते सुंदर जांभळं फूल आज तळ्यातळ्यांतून उपसताना नाकी नऊ येतात, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. दुसऱ्या दिवसापासून तो मित्र उलट्या दिशेने फिरायला लागला.

आणि मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी गोळा गेला.

गेला म्हणजे वारला नाही. दिसेना. काका वीजबिलातल्या चुकीचं बोलून दुपारी घरी आले, फ्रीज उघडला, वाटी रिकामी. रात्री बरणीत ठेवला होता, सकाळी फ्रीजमध्ये न्यायचा राहिला, असं त्यांना आठवलं. बरणीपाशी गेले. बरणी धुऊन उपडी घातलेली.

"बरणीतला गोळा कुठे आहे?"

"फ्रीजमध्ये."

"फ्रीजमध्ये नाही. बरणीत होता."

"दिवसा फ्रीज, रात्री बरणी असं तुम्हीच लिहून लावलं आहे ना जी? मी म्हटलं दिवस आहे, तर फ्रीजमध्ये असेल."

संशय मावशींवर गेला. तो जाणारच होता. त्यांचं करिअरच शेवाळ काढण्यात गेलेलं.

"मी नाही काढलं," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "पण दिसलं असतं तर काढलंच असतं. कायले खोटं बोलू?"

मोरीची जाळी काढून पाहिली. गोल्डफिशची झडती झाली. त्याने काकांकडे पाठ केली. पासबुकात काकांनी तिरपी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'खाते बंद.' चार दिवस त्यांनी जेवणावर तक्रार केली नाही, तेव्हा काकूंना खरोखर काळजी वाटली. त्यांनी बेसनाचा झुणका केला, काकांनी त्याकडे पाहून सुस्कारा सोडला.

नवतपा लागला. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. नागपूरकर माणूस या दिवसांत कूलरसमोर जो आडवा होतो, तो पाऊस आल्यावर उठतो. काकाही आडवे होते. ते असे पडलेले असतानाच पावसाळ्याआधीची कूलर तपासणी करणारे दोघे दारात आले. एकाच्या हातात टॉर्च आणि पळी, दुसऱ्याच्या हातात कागद.

"काकाजी, कूलरमधलं पाणी किती दिवसांचं आहे?"

"रोज भरतो."

"भरता, पण काढता कधी?"

या प्रश्नाला नागपुरात उत्तर नाही. डेंग्यूचा डास टाकीच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी घालतो; पाणी वर आलं की अळ्या, आणि आठ-दहा दिवसांत डास. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करायची असते. हे सगळ्यांना पाठ आहे. भर टाकणं मात्र रोज चालू असतं, आणि काढणं पुढच्या होळीला.

माणसाने मागचं झाकण काढलं, टॉर्च मारला, पळी फिरवली.

"अळ्या तर दिसून नाही राहिल्या. पण शेवाळ आहे, काकाजी." पळी वर आली. तिच्यात हिरवाकंच, गोल, नीटनेटका गोळा. "आणि हे काहीतरी वेगळंच आहे."

काका पलंगावरून ज्या वेगाने उठले, तो वेग त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांनी पाहायला हवा होता.

"टाकू नका! ते पाळलेलं आहे!"

"काय पाळलेलं?"

"शेवाळ. जपानी आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कागदवाल्याने पेनाचं टोपण काढलं. "यात डास तर होत नाही ना?"

इथे काकांनी गप्प राहायला हवं होतं. पण माहिती असलेला माणूस गप्प राहत नाही. "डास नाही, चिलटं," ते उत्साहाने म्हणाले. "आइसलंडमध्ये हे ज्या तळ्यात सापडतं ना, त्या तळ्याचं नावच चिलटांचं तळं आहे."

पेन थांबलं. टॉर्चवाला एक पाऊल मागे सरकला. मग पुढची पंधरा मिनिटं गोळा पांढऱ्या वाडग्यात ठेवून, दाबून, उलटापालटा करून, उन्हात धरून तपासला गेला. तिकडे काकू हळूहळू आठवत होत्या. त्या गुरुवारी बरणीतलं पाणी बदललं होतं. उन्हाळ्यात पाणी फेकणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून दर वेळी ते कूलरमध्ये ओतत. त्या दिवशीही ओतलं होतं. दिवस होता, म्हणून गोळा फ्रीजमध्येच असणार असं धरून.

पाहुणे कागद भरत होते तेवढ्यात काकांनी थर्मामीटर आणला. बाहेर ४३. न्हाणीघरातल्या बादलीत ३४. कूलरच्या टाकीत २४. कोरड्या हवेत पाणी ताट्यांवरून उडून जाताना टाकीतली उष्णता घेऊन जातं. माठात होतं तेच. ताट्यांतून गाळून येणारा अंधूक उजेड, गार पाणी, आणि पंपाने रात्रंदिवस तळाशी चालवलेली हलकी लाट. फायबरच्या टाकीत, नागपूरच्या नवतप्यात, अकान सरोवर २६ दिवस फुकट चाललं होतं. तपकिरी डाग गेला होता. गोल्डफिशने खाल्लेली बाजू भरत आली होती. काकांनी कॅलिपर लावलं: २८. जरा कमी दाबलं तर २९.

"टाकी दर आठवड्याला घासावी लागेल, काकाजी," टॉर्चवाला म्हणाला. "ते काही चुकत नाही. तुमचं जपानी तेवढ्या वेळ बादलीत काढा."

"दर शनिवारी घासत जाईन मी," काकू म्हणाल्या. "यांना सांगू नका."

जाताना कागदवाल्याने भिंतीवरच्या कार्डावर नोंद केली. तारीख, सही, 'कूलर १, अळी नाही.' मग शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं याचा त्याने क्षणभर विचार केला आणि लिहिलं: 'गोळा १.'

काकांनी पासबुक शोधून काढलं. 'खाते बंद' खोडलं, त्यावर सही केली आणि खाली लिहिलं: 'निष्क्रिय खाते, पुन्हा सुरू.' निष्क्रिय ठरायला नियमाने दोन वर्षं व्यवहार नसावा लागतो, २६ दिवसांत होत नाही, ही हरकत त्यांना स्वतःलाच सुचली. समासात त्यांनी 'विशेष बाब' असं टिपलं. मग ते हळूच बाल्कनीत गेले, कूलरचं मागचं झाकण सरकवलं आणि बाही वर केली.

"हात बाहेर," आतून आवाज आला.

"अगं, नुसतं जरा फिरवून राहिलो."

"पंप फिरवून राहिला आहे."